पाठीवरचे इंजिन आणि कापडी पंख

आकाशात उडावयाचे सर्वांत सुटसुटीत साधन कोणते, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर आज निःशंकपणे देता येते. ते साधन म्हणजे पॅरामोटर. याला विमानासारखे धड नाही, बहुधा चाकेही नाहीत, आणि धावपट्टीची गरज तर मुळीच नाही. ५-६ किलो वजनाचा कापडी पंख, पाठीवर बांधावयाचे २५-३० किलोंचे इंजिन, त्यास जोडलेला प्रॉपेलर आणि या सर्वांच्या मधोमध दोऱ्यांना टांगून बसलेला माणूस, एवढाच त्याचा संसार. उड्डाण आटोपले की पंखाची घडी करून पिशवीत घालावी, इंजिनाभोवतीचे कडे सोडवून मोटारीत ठेवावे आणि घरचा रस्ता धरावा. दुसरे कोणतेही विमान इतक्या थोडक्यात आवरत नाही.

परंतु साधन सोपे म्हणून ते निर्धोक, असा समज होऊ देता कामा नये. या साधनासंबंधीच्या ३८४ अपघातांच्या नोंदी तपासून एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दुखावलेल्या अवयवांमध्ये सर्वांत मोठा वाटा हातांचा असल्याचे त्यात आढळून आले. उंचावरून पडणाऱ्या माणसाचे पाय मोडावेत, कंबर वा डोके दुखावावे, हे कोणासही समजण्यासारखे आहे. हात का दुखावावेत? याचे मोठे कारण आकाशात सापडत नाही, ते जमिनीवर सापडते. इंजिन सुरू करताना वा चालू इंजिनाजवळ काही खटपट करताना फिरत्या प्रॉपेलरमध्ये हात सापडतो. उडण्याची कला शिकण्यापूर्वी हे यंत्र जोडण्याची, तपासण्याची आणि जपण्याची कला शिकावयास हवी, ती याचसाठी.

या साधनाचे दोन भाग दोन निराळ्या वाटांनी आलेले आहेत. पंखाची कल्पना डोमिना जाल्बर्ट या मूळच्या कॅनडातील आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या संशोधकाची. पतंग आणि फुगे यांवर आयुष्य घालविलेल्या या गृहस्थाने समोरून शिरणाऱ्या वाऱ्याने फुगून आकार धारण करणारा कापडी पंख तयार केला आणि १९६६ मध्ये त्याचे पेटंट त्याला मिळाले. प्रथम हा पंख विमानातून उडी टाकणाऱ्यांनी उचलला. पुढे १९७८ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील मिउसी या गावी काही छत्रीधाऱ्यांनी विमानाचे भाडे वाचविण्यासाठी डोंगराच्या उतारावरूनच धावत जाऊन उड्डाण केले. पॅराग्लायडिंगचा जन्म हा असा काटकसरीतून झाला! दोनच वर्षांत, १९८० च्या सुमारास, माइक बर्न या इंग्रज गृहस्थाने पाठीवर इंजिन बांधून डोंगराची गरजही संपविली. ‘पॅरामोटर’ हा शब्दही त्याचाच.

पंखाची रचना समजली म्हणजे पुढील पुष्कळ नियम आपोआप समजतात. नायलॉनच्या घट्ट विणीच्या कापडाचे दोन थर एकावर एक ठेवून त्यांच्यामध्ये उभे पडदे शिवलेले असतात. त्यामुळे ४०-६० लांबट कप्पे तयार होतात. या कप्प्यांची तोंडे पुढील कडेस उघडी व मागील कडेस बंद असतात. पंख पुढे सरकला की तोंडातून हवा शिरते, आत कोंडते आणि मऊ कापडाला कठीण पंखाचा आकार देते. ती हवा आत ठेवणारी दुसरी कोणतीही वस्तू तेथे नाही. म्हणजे पंखाचा वेग हाच त्याचा सांगाडा होय. वेग गेला, किंवा खालून येणारा वाऱ्याचा एखादा विचित्र झोत कडेवर आदळला, की त्या बाजूचे कापड मिटते. चांगला पंख अशा वेळी बहुधा आपला आपण पुन्हा उघडतो. मात्र त्याला त्यासाठी उंची हवी असते.

पंखाच्या खालील अंगास बारीक दोऱ्यांच्या रांगा असतात. या दोऱ्या खाली येताना एकमेकींत मिळत जातात आणि शेवटी डाव्या व उजव्या बाजूच्या मजबूत पट्ट्यांना येऊन भेटतात. या पट्ट्यांना रायझर असे म्हणतात. मागील कडेच्या दोऱ्या दोन मुठींना बांधलेल्या असतात. त्या मुठींना ब्रेक म्हणण्याचा प्रघात असला तरी त्यांचे मुख्य काम वळविण्याचे आहे: उजवी मूठ ओढली की उजवीकडे वळण, डावी ओढली की डावीकडे. दोन्ही एकदम ओढल्या तर वेग मंदावतो, आणि मर्यादेबाहेर ओढल्या तर पंख उडावयाचेच सोडून देतो.

इंजिन दोन टप्प्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक असते. त्याची क्षमता साधारणतः ८० ते २०० घनसेंटिमीटर. ज्या श्रोत्यांनी जुनी बजाज स्कूटर वा लूना चालविली असेल त्यांना या इंजिनाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. पेट्रोल पंपावर ऑइल मिसळून घेण्याचा तो सोपस्कार येथेही आहे. प्रमाण बहुधा दोन ते अडीच टक्के, म्हणजे १० लिटर पेट्रोलास २०० ते २५० मिलिलिटर ऑइल; पण हे प्रमाण अंदाजाने वा मित्राच्या सल्ल्याने न ठरविता निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. ऑइल कमी पडले तर पिस्टन सिलिंडरला धरतो व इंजिन हवेतच बंद पडते. भारतातील वैमानिकाला आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जात आहे. इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते आणि कार्बोरेटरमधील पातळ रबरी पडद्यांना ते मानवतेच असे नाही. म्हणून टाकीत पेट्रोल आठवडेच्या आठवडे साठवून ठेवण्याची सवय येथे फार महाग पडते.

आता जोडणी. प्रथम इंजिन असलेली मधली चौकट सपाट जागी उभी करावी. तिच्याभोवती तीन-चार तुकड्यांचे कडे बसवावयाचे असते आणि त्या कड्यावर जाळी ताणावयाची असते. हा पिंजरा दोन कामे करतो: पंखाच्या दोऱ्या प्रॉपेलरपासून दूर ठेवतो आणि माणसाचा हातही, काही अंशी, दूर ठेवतो. ‘काही अंशी’ हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. जाळीच्या भोकांतून बोटे जातात, आणि इंजिनाच्या पूर्ण जोरात पातळ कडे वाकूनही प्रॉपेलरला भिडू शकते. कड्याचा प्रत्येक सांधा पुरता बसला आहे, जाळी सैल नाही, हे हाताने चाचपून पाहावे. नुसत्या नजरेवर भिस्त ठेवू नये.

यानंतर प्रॉपेलर. तो लाकडाचा किंवा कार्बन तंतूंचा असून त्याचा व्यास सुमारे सव्वा मीटर असतो. मिनिटाला २६०० फेरे या गतीने तो फिरू लागला की त्याच्या टोकाचा वेग ताशी ६०० किलोमीटरच्या वर जातो. या वेगाने फिरणाऱ्या पात्यावर नखाएवढा टवका उडालेला असला तरी त्याचा तोल जातो. तोल गेला की सारे यंत्र थरथरते, आणि थरथरले की नटबोल्ट ढिले होतात. प्रॉपेलरचे बोल्ट निर्मात्याने सांगितलेल्या जोरानेच, समोरासमोरचे आळीपाळीने, मोजमापाच्या पान्याने आवळावे लागतात. लाकडी प्रॉपेलर हवेतील दमटपणाने फुगतो व आकसतो. म्हणून कोकण-गोव्यासारख्या प्रदेशात हे आवळणे वरचेवर तपासून पाहणे इष्ट.

जोडणीतील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी म्हणजे टांगून पाहणे. माणूस ज्या आसनात बसतो तो पट्ट्यांचा साज चौकटीला जोडल्यावर, दोन्ही बाजूंच्या मोठ्या कड्यांना मजबूत दोर बांधून सारे यंत्र घराच्या तुळईला वा झाडाच्या भक्कम फांदीला टांगावे आणि माणसाने त्यात बसून पाहावे. टाकी अर्धी भरलेली असावी. इंजिन अर्थातच बंद. बसल्यावर यंत्र किंचित मागे कललेले असले म्हणजे ठीक. फार मागे कलले तर प्रॉपेलर माणसाला वरच्या दिशेने रेटतो आणि दोऱ्या पिळण्याचा धोका निर्माण होतो. पुढे कलले तर तो माणसाला तोंडघशी पाडू पाहतो. प्रॉपेलर एका दिशेस फिरतो तेव्हा यंत्राला उलट दिशेस वळावेसे वाटते, हाही निसर्गाचाच नियम. त्यासाठी पट्टे किती लांब वा आखूड ठेवावेत हे याच वेळी ठरते. उभ्याचे आसनावर बसते कसे व्हावे, आणीबाणीच्या राखीव छत्रीची मूठ न पाहता हाताला कशी सापडावी, याचा सरावही येथेच करावा. जमिनीपासून हातभर उंचीवर झालेली चूक हसून सोडून देता येते.

इंजिन सुरू करण्याचा क्षण हा, आरंभी सांगितल्याप्रमाणे, सर्वांत धोक्याचा. थ्रॉटलची तार कोठे अडकली असेल तर इंजिन सुरू होताक्षणीच पूर्ण जोर धरते, चौकट पुढे झेपावते आणि तिला आवरण्यासाठी माणूस नकळत हात पुढे करतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी थ्रॉटल दाबून सोडावा आणि तो स्वतःहून पूर्ण मागे येतो, हे पाहावे. इंजिन बंद करण्याचे बटण चालते याची खात्री करावी. यंत्र पाठीवर बांधूनच सुरू करणे बरे. जमिनीवर ठेवून सुरू करावयाचे असेल तर ते अशा रीतीने पकडावे की पूर्ण जोर लागला तरी ते हलणार नाही. प्रॉपेलरच्या मागे आणि त्याच्या फिरण्याच्या पातळीत कोणीही उभे असता कामा नये. पाती तुटलीच तर तिचे तुकडे त्याच पातळीत भिरकावले जातात. गावाच्या माळावर असे यंत्र आले की पोरांचा घोळका जमतो आणि तो नेमका मागच्या बाजूस उभा राहतो, कारण गंमत तेथेच दिसते. त्यांना दूर करण्यासाठी एक जबाबदार माणूस बरोबर असावा. मोठ्याने ‘दूर व्हा’ असे ओरडून, थोडे थांबून, मगच दोरी ओढावी.

पंख वाऱ्याकडे तोंड करून, धनुष्याच्या आकारात जमिनीवर पसरावयाचा असतो. दोऱ्यांत गाठ नाही, काडी-काटकी अडकलेली नाही, रायझरला पीळ पडलेला नाही, हे एकेक रांग हातात घेऊन पाहावे. मांड्यांभोवतीचे पट्टे सर्वांत आधी लावावेत व सर्वांत शेवटी सोडावेत, असा या विद्येतील जुना नियम आहे. छातीचा पट्टा लावलेला पण मांड्यांचे मोकळे, अशा स्थितीत माणूस उडाला तर पाय टेकण्यास जमीन नाही, बसण्यास आसन नाही, आणि तो केवळ काखांवर लोंबकळत राहतो. असे अपघात नवशिक्यांइतकेच जुन्या जाणत्यांच्याही बाबतीत घडलेले आहेत. यंत्र एकदा चढवून काही कारणाने उतरविले व पुन्हा चढविले, अशा वेळी ही चूक होते. म्हणून उतरवले की तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

वारा आणि वेळ यांचा विचार याहून कमी महत्त्वाचा नाही. सूर्योदयानंतरचे एक-दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचे एक-दोन तास, हीच पॅरामोटरची खरी वेळ. ऊन वाढू लागले की तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे स्तंभ वर उठतात. त्यांच्या कडेची खळबळ कापडी पंखास सोसत नाही. माळव्यात किंवा दख्खनच्या पठारावर मार्च ते मे या महिन्यांत सकाळी दहा वाजताच आकाश उडण्याजोगे राहत नाही. वळवाच्या ढगांची गोष्ट तर आणखी निराळी. ढग अजून क्षितिजावर आहे, पाऊस कोसांवर पडत आहे, असे वाटत असतानाच त्याच्यापुढून सुटलेला गार वारा येऊन धडकतो. ज्या दिवशी वळवाचा संभव असेल त्या दिवशी यंत्र पिशवीतून बाहेर काढूच नये. टेकडी, दाट झाडी वा इमारत यांच्या वाऱ्याआडच्या बाजूस हवा गिरक्या घेत असते. नदीतील खडकामागचा भोवरा ज्याने पाहिला असेल त्याला हे सहज उमजेल. नवशिक्याने ताशी १५ किलोमीटरहून अधिक वाऱ्यात उडण्याचा मोह टाळावा.

उड्डाणाची कृती मोजक्या शब्दांत सांगता येते, पण ती शिक्षकाजवळच शिकावी लागते. वारा नसेल तर पंख पाठीमागे ठेवून पुढे धावावयाचे. बरा वारा असेल तर पंखाकडे तोंड करून तो डोक्यावर आणावयाचा आणि मग वळावयाचे. पंख बरोबर डोक्यावर स्थिरावला, हे वर पाहून ठरवावे आणि मगच इंजिनाचा जोर वाढवावा. येथे बहुतेकांची चूक एकच होते. पाय जमिनीपासून सुटतात न सुटतात तोच ते आसनावर बसू पाहतात. पंखाने भार अजून पुरता घेतलेला नसतो. मग माणूस यंत्रासह खाली आदळतो आणि प्रॉपेलरचे तुकडे होतात. पाय सुटल्यावरही काही पावले हवेत धावत राहावे, हा शिक्षकांचा उपदेश ऐकण्यास विनोदी वाटतो, पण तो प्रॉपेलरची किंमत वाचवतो.

हवेत स्थिरावल्यावर हे साधन मोठे शांत आहे. माणूस पंखाच्या सात-आठ मीटर खाली लंबकासारखा टांगलेला असल्यामुळे थोडाफार कल आपोआप सावरतो. वेग ताशी ३५ ते ५५ किलोमीटर, म्हणजे वर्दळीच्या रस्त्यावरील मोटारसायकलीचा. इंजिन बंद पडले तर काय, हा प्रश्न प्रत्येक प्रेक्षक विचारतो. उत्तर असे की, काही होत नाही. पंख पंखच राहतो आणि तरंगत खाली येतो. मीटरभर उंची गमावताना तो सुमारे सहा मीटर पुढे जातो. प्रश्न एवढाच की, तो जेथे खाली येईल तेथे काय आहे? मोकळा माळ असेल तर गोष्ट तेथेच संपली. उभा ऊस, विजेच्या तारा, दाट वस्ती किंवा पाणी असेल तर मात्र खरा प्रसंग तेव्हाच सुरू होतो. विजेची तार आकाशातून जवळजवळ दिसत नाही. दिसतात ते खांब. दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहेच असे धरून चालावे.

पाण्याचा प्रश्न गोवा आणि कारवारच्या श्रोत्यांच्या अगदी दाराशी आहे. पाठीवर तीस किलोंचे यंत्र, अंगाभोवती आवळलेले पट्टे आणि वरून ओले कापड व दोऱ्यांचे जाळे, अशा स्थितीत उत्तम पोहणारासही पट्टे सोडवून बाहेर पडण्यास फार थोडा अवधी मिळतो. २०२० च्या ऑक्टोबर महिन्यात कारवारच्या किनाऱ्यावर असे एक यंत्र दोन माणसांसह समुद्रात पडले. चालक वाचला; त्याच्याबरोबर बसलेले नौदलातील अधिकारी मात्र दगावले. किनाऱ्यावरील मऊ वाळू, मोकळी जागा आणि समुद्रावरून येणारा सरळ वारा यांमुळे ही जागा उडण्यास आदर्श वाटते, आणि मोह पडतो तो तेथेच. भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे येथे आठवावेत. दुपारचा खारा वारा माणसाला जमिनीकडे आणतो. पण सकाळी, म्हणजे नेमक्या उडण्याच्या वेळी, जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो. किनाऱ्यापासून १ किलोमीटर आत गेलेल्या माणसास, वारा मुळीच नसेल तर, परत येण्यास सुमारे १७० मीटर उंची पुरते. समोरून ताशी १० किलोमीटरचा मतलई वारा असेल तर तेवढ्याच अंतराला सुमारे २३० मीटर लागतात. हा हिशेब किनारा सोडण्यापूर्वी करावयाचा असतो. पाण्याचा स्पर्श होताच आपोआप फुगून यंत्रासह माणसाला तरंगत ठेवणाऱ्या पिशव्या आज मिळतात; किनाऱ्यावर उडणाराने त्या लावल्याच पाहिजेत.

आकाश मोठे आहे म्हणून दुसऱ्याशी टक्कर होणार नाही, असे समजणेही चुकीचे ठरते. साशा डेंच या निसर्गप्रेमी बाईंनी २०१६ मध्ये हंसांच्या स्थलांतराचा पाठलाग करीत रशियाच्या उत्तर ध्रुवाकडील प्रदेशापासून ब्रिटनपर्यंत पॅरामोटरने प्रवास केला होता. त्याच डेंच १८ सप्टेंबर २०२१ रोजी उत्तर स्कॉटलंडमध्ये ब्रिटनला प्रदक्षिणा घालीत असताना त्यांची आणि त्यांचे सहकारी डॅन बर्टन यांची हवेतच टक्कर झाली. बर्टन मृत्यू पावले, डेंच गंभीर जखमी झाल्या. दोघेही अनुभवी होते. डोक्यावरचा पंख वरच्या बाजूचे आकाश झाकतो आणि पाठीवरचा पिंजरा मागचे. त्यामुळे वळण्यापूर्वी व वर चढण्यापूर्वी त्या बाजूस मान वळवून पाहणे, आणि सोबत्यापासून भरपूर अंतर राखणे, याला पर्याय नाही. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही.

उडण्याची परवानगी हा विषय रुक्ष आहे, पण टाळता येत नाही. अमेरिका आणि ब्रिटन यांसारख्या देशांत एका माणसाच्या पॅरामोटरला परवाना लागत नाही, हे ऐकून येथेही तसेच असेल असे कोणी समजू नये. भारतात इंजिनाने उडणाऱ्या अशा साधनांना नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचे नियम लागू आहेत. शिवाय मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत पोलीस वेळोवेळी पॅराग्लायडरवर बंदीचे आदेश काढीत असतात. ग्वाल्हेर, बेळगाव, वडोदरा, हैदराबाद या शहरांना हवाई दलाचे तळ वा शाळा लागून आहेत आणि गोव्याच्या दाबोळीवर नौदलाचा तळ आहे. अशा ठिकाणी घरामागच्या माळावरून सहज उडून यावे, ही कल्पना प्रथमच सोडून द्यावी. पैसे घेऊन पर्यटकांना फिरवून आणणाऱ्यांकडे परवानगी आहे की नाही हे विचारण्याचा संकोचही करू नये. २०२५ च्या जानेवारीत गोव्यातील केरीच्या पठारावरून इंजिनाशिवायच्या पॅराग्लायडरने उडालेली एक तरुणी आणि तिचा चालक असे दोघेही दरीत कोसळून मरण पावले. ती उड्डाणे परवानगीवाचून चालविली जात होती, असे पोलिसांनी नंतर सांगितले. ज्याला स्वतः उडावयाचे आहे त्याने पुण्याजवळच्या कामशेतसारख्या ठिकाणी आधी इंजिनाशिवाय पंख हाताळण्यास शिकावे. पंख हातात बसला की इंजिन ही पुढची पायरी.

उतरताना जमिनीपासून ३०-४० मीटर उंचीवर इंजिन बंद करणे उत्तम. मग पाय अडखळून पडला तरी प्रॉपेलर फिरत नसतो. वाऱ्याला सामोरे यावे, जमीन एक-दोन मीटरवर आली की दोन्ही मुठी सावकाश पूर्ण ओढाव्यात आणि चालत्या पावलांनी टेकावे. टेकताच मागे वळून पंख मागील बाजूस पडू द्यावा. तापलेल्या सायलेन्सरवर दोरी पडली तर ती क्षणात वितळते वा अर्धी जळून आतून कमजोर होते, आणि ही दुसरी गोष्ट अधिक वाईट, कारण ती दिसत नाही.

आता देखभाल. टू-स्ट्रोक इंजिनाचा शत्रू एकच, तो म्हणजे त्याचा स्वतःचा कंप. तो नट सैल करतो, सायलेन्सरला तडे पाडतो, रबराचे बूच फाडतो. सायलेन्सरचा एखादा तुकडा सुटला तर तो मागे जाऊन थेट प्रॉपेलरवर आदळतो. म्हणून जाणते लोक नट आवळल्यावर नट आणि चौकट या दोहोंवरून रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवतात. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. युक्ती साधी, पण दहा मिनिटांचे काम दहा सेकंदांवर आणणारी. स्पार्क प्लगचा रंगही बोलका असतो: कॉफीसारखा तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, पांढुरका असेल तर पेट्रोल कमी पडत असून इंजिन तापत आहे, काळा व ओला असेल तर पेट्रोल वा ऑइल जास्त होत आहे. किती तासांनी प्लग बदलावा, पट्टा ताणावा, सिलिंडर उघडून काजळी काढावी, हे पुस्तिकेत दिलेले असते. त्यासाठी इंजिन किती तास चालले याची वही ठेवावी लागते. वही नसेल तर पुस्तिका निरुपयोगी आहे.

पंखाला मात्र कंपाची भीती नाही. त्याचा शत्रू ऊन. नायलॉन उन्हाने हळूहळू सच्छिद्र होते, हवा कापडातून झिरपू लागते, आणि असा पंख डोक्यावर येण्यास आळस करतो. उड्डाण नसताना पंख माळावर पसरून गप्पा मारीत बसणे म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणे होय. तो ओला असताना घडी करू नये. समुद्राचे पाणी लागले असेल तर गोड्या पाण्याने, साबणाशिवाय, धुवून सावलीत वाळवावा. कप्प्यांत वाळू शिरली असेल तर मागील कड उचलून ती झटकावी. घडी करताना आत नाकतोडा राहिलेला नाही ना, हे पाहावे. कोंडलेला किडा कापड कुरतडून बाहेर पडावयाचा प्रयत्न करतो. बारीक फाटीवर त्यासाठी मिळणारी चिकटपट्टी चालते, पण शिवणीजवळ फाटले असेल वा दोरीचे वरचे वेष्टण सोलले असेल तर तो जाणकार कारागिराचा विषय. दोऱ्यांची ताकद आणि कापडाचा घट्टपणा वर्षातून एकदा मोजून घ्यावा. राखीव छत्रीही ठरलेल्या मुदतीत उघडून, हवा खेळवून, पुन्हा घडी करून घ्यावी लागते. दमट हवेत वर्षानुवर्षे दाबून राहिलेली छत्री हाकेला येईलच असा भरवसा देता येत नाही.

मृगाचा पाऊस सुरू झाला की हे सारे आवरून ठेवावे. टाकी रिकामी करावी, कार्बोरेटरमधील पेट्रोल इंजिन चालवून संपवावे, चौकटीवरची धूळ-माती पुसावी आणि पंख कोरड्या, अंधाऱ्या जागी, पेट्रोलच्या डब्यापासून दूर, सैल घडीत ठेवावा. उंदरांचाही विचार करावा. पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, यंत्र बाहेर काढले की प्रथम ताजे पेट्रोल, नवा प्लग, प्रत्येक रेघेची पाहणी आणि पुन्हा एकदा तुळईला टांगून बसणे. मग मोकळ्या जागी, पंख न जोडता, इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून त्याचा आवाज ऐकावा. खंडेनवमीस यंत्राला झेंडूचा हार घालण्याची आपल्याकडील रीत चांगली आहे; फक्त इंजिन सुरू करण्यापूर्वी तो हार काढून बाजूला ठेवावा.